जोगवा सहा तारांवर

नमस्कार श्रोतेहो. मंगळवारी-शुक्रवारी आपल्या बेळगावच्या गल्लीत अजूनही एखादी जोगतीण येते. हातात परडी, बगलेत चौंडकं. आधी कडी वाजते, मग हाक येते, 'जोगवा वाढ गं माय!' घर कानडी असो की मराठी, पसाभर जोंधळे परडीत पडतातच.

गिटारच्या कार्यक्रमात जोगतीण कुठून आली? सांगतो.

५ मे १८८५ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या पराग्वे देशात, सान हुआन बाउतिस्ता गावी आगुस्तीन बारियोस हा गिटारवादक आणि रचनाकार जन्मला. तिथं स्पॅनिश आणि ग्वारानी या दोन भाषा एकाच अंगणात नांदतात. खानापूर-निपाणीच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पुढं १९३० च्या दशकात त्यानं आपलं नाव उलटं करून 'नित्सुगा' केलं, मांगोरे या ग्वारानी सरदाराचं नाव जोडलं आणि पिसांचा पोशाख चढवून मैफली केल्या. मला हे जरा नाटकीच वाटतं. वाजवायचा मात्र बाख आणि शोपँ या युरोपीय संगीतकारांच्या रचनासुद्धा! बाकीचे आतड्याच्या तारा लावत, हा पोलादी. जाणकार नाकं मुरडत.

त्याची १९२१ ची रचना 'ला कातेद्राल', म्हणजे 'मोठं चर्च', ऐका. त्यातल्या संथ भागात चर्चमधलं गांभीर्य आहे आणि शेवटच्या भागात बाहेरच्या रस्त्याची धांदल. बोटं नुसती पळतात.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या अखेरच्या रचनेत. तेव्हा तो एल साल्वादोर देशाच्या राजधानीत, सान साल्वादोरला गिटार शिकवायचा. सांगतात, एक म्हातारी दार ठोठावून म्हणाली, 'देवाच्या नावानं काहीतरी घाला.' तेच रचनेचं नाव झालं. वरच्या तारेवर अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकामागून एक तोच स्वर छेडतात, त्यामुळं सूर तुटत नाही, थरथरत राहतो. याला ट्रेमोलो म्हणतात. दोन वर्षं मी घासतोय, माझी अनामिका अजून लंगडतेच. आणि त्या थरथरीखाली दारावरची ती थाप, पुन्हापुन्हा.

७ ऑगस्ट १९४४ ला तो तिथंच वारला. पुढं १९७७ मध्ये गिटारवादक जॉन विल्यम्स यांनी फक्त त्याच्याच रचनांची तबकडी काढली, तेव्हा कुठं जगाचे कान टवकारले.

आता ती रचना लावतो. वरचा सूर भुलवेल, पण कान खाली ठेवा. थाप ऐकू आली की परडी आठवते का, बघा.