सटवाईचा कागद आणि गट्सच्या मानेवरची खूण

नमस्कार. आमच्या लातूर जिल्ह्यातील गावात धाकट्या भावाची पाचवी पुजली, त्या रात्री आजीने पाटा-वरवंटा धुऊन मांडला, हळदकुंकू वाहिले, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवले व दिवा रात्रभर विझू दिला नाही. कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते. सकाळी कागद तसाच कोरा पाहून मी तक्रार केली, तेव्हा आजी म्हणाली, "लिहिलंय की. आपल्याला वाचता येत नाही."

केंतारो मिउरा यांच्या 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेतील गट्सला आपले नशीब मात्र वाचता येते. पुढे कथानक उघड होणार आहे, हे आधीच सांगतो. फाशी दिलेल्या आईच्या प्रेताखाली जन्मलेल्या या मुलाच्या पाचवीलाच दुःख पुजलेले आहे आणि पुढे त्याच्या मानेवर बळीची खूण उमटते, जी रात्र पडताच भुताखेतांना त्याच्याकडे ओढून आणते.

अशा माणसाला नियतीशी झगडता येईल का? माझे उत्तर होय असे आहे, आणि त्याचा आधार कथेतील ग्रहणाच्या प्रसंगात सापडतो. 216 वर्षांतून एकदा येणारे हे ग्रहण, गट्सचा सेनानायक आणि मित्र ग्रिफिथ याच्याजवळचे लाल बेहेलिट (गॉड हँड या राक्षसी देवतांना बोलावणारा तावीज), त्याचा छळ, त्याचे मोडलेले शरीर, हे सारे कार्यकारणाच्या साखळीने अगदी नेमके जुळवून आणलेले आहे. तरीही चारही गॉड हँड तिथे थांबतात, कारण सोबत्यांचा बळी देण्यासाठी ग्रिफिथची स्वतःची संमती लागते. नियती त्याला उंबरठ्यापर्यंत आणते. होकार त्याच्याच तोंडून यावा लागतो. मला या कथेतील सर्वांत भयंकर क्षण हाच वाटतो, पुढच्या रक्तपातापेक्षाही.

आपल्याकडे कीर्तनात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण यांचा भेद बाणांच्या दाखल्याने समजावतात: भात्यातले बाण हे संचित, सुटून गेलेला बाण हे प्रारब्ध आणि आत्ता धनुष्याला लावलेला बाण हे क्रियमाण. गट्सच्या मानेवरची खूण हा सुटलेला बाण आहे, तो परत येणार नाही. पण त्याच ग्रहणात एका राक्षसाच्या जबड्यात डावा हात अडकला असताना, समोर त्याची प्रेयसी कास्का हिच्यावर अत्याचार होत आहे हे पाहून, तो मोडक्या तलवारीने स्वतःचाच हात घाव घालून तोडतो आणि तिच्याकडे धावतो. तो तिला वाचवू शकत नाही. स्कल नाइट हा कवटीमुखी योद्धा येतो म्हणून दोघे जगतात. तरीही तो घाव कोणी त्याच्याकडून घालून घेतला, असे मला म्हणवत नाही. झॉड या राक्षसी योद्ध्याने त्याला अटळ मृत्यूचे भाकीत ऐकवले होते आणि त्या रात्रीनंतरही गट्स जिवंत राहिला, ही गोष्ट मी लहान मानत नाही.

1989 साली सुरू झालेली ही कथा मिउरा यांच्या हातून पूर्ण झाली नाही. 6 मे 2021 रोजी ते गेले. पुढचे कथानक त्यांनी आपले मित्र कोउजी मोरी यांना सांगून ठेवले होते, आणि त्या आठवणीवर 2022 पासून मिउरा यांचे सहकारी चित्रकार ती पुढे नेत आहेत. ग्रिफिथसमोर गट्सचे अखेर काय होणार, हे म्हणजे एकदा सांगितले गेले आहे. आपल्याला ते अजून वाचायला मिळालेले नाही, इतकेच.