वाद्यच हातात नाही, मग रियाज कशावर करायचा? ऑर्केस्ट्रा कंडक्टरचं करिअर

नमस्कार मंडळी! आधी हातात एक पेन्सिल घ्या. बीथोवनची पाचवी सिम्फनी आठवा. नाव माहीत नसलं तरी ऐकलेली आहे, तीच ती, 'ट-ट-ट-टाऽऽ'. आता पेन्सिल खाली आणा आणि वादकांना सुरुवात करून द्या.

(पेन्सिल खाली आणत) 'ट...' चुकलं! मीही पहिल्यांदा इथेच आपटलो होतो.

हात खाली येतो ती आपल्या भाषेत सम. आपण समेवर पहिला 'ट' म्हणून मोकळे होतो. पण बीथोवननं तिथे विराम लिहिलाय. हात खाली आला की आधी शांतता, मग तीन 'ट', आणि 'टाऽऽ' पुढच्या समेवर. म्हणजे साठ-सत्तर माणसांना शांततेवरून एकदम उडी मारायला लावायची. त्यासाठी कंडक्टरकडे, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या खुणांनी सगळ्या वादकांना चालवणाऱ्याकडे, काय असतं? हात खाली येण्याआधीची उचल, बस. ती किती वेगानं झाली त्यावरून लय कळते. आपल्याकडे गायकाला तबल्याचा ठेका सतत ऐकू येत असतो. इथे तो ऐकू येत नाही, डोळ्यांनी बघावा लागतो.

आणि हो, गणपतीत मांडवासमोर हिंदी गाणी वाजवतो तो ऑर्केस्ट्रा नव्हे. आपण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल बोलतोय.

तर मंचावर एकही सूर न काढणारा हा एकटाच माणूस. पण त्याच्या पुढ्यात सगळ्यांचं लिखाण असतं, एका पानावर वीस-वीस ओळी. त्यातही खोड्या आहेत. साध्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या ओळीत पेटीची पांढरी एक लिहिलेली दिसते, पण ऐकू येते काळी पाच. हॉर्नच्या ओळीत तीच पांढरी एक, आणि वाजते खालची पांढरी चार. हे सगळं वाचता वाचता मनातल्या मनात ऐकू यायला लागतं, आणि तिथवर पोचायला वर्षं जातात.

खरी अडचण वेगळीच आहे. व्हायोलिनवाला घरी दार लावून रियाज करतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे जिवंत माणसं. विशीतल्या पोराला ती कोण देणार? माझ्या मते या करिअरचा पूर्वार्ध म्हणजे वाद्य मिळवायची धडपड.

झुबिन मेहतांचंच बघा. जन्म मुंबईचा, 1936 चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, त्यांनीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यामुळे सोळाव्या वर्षीच मुलाला तालमीत पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायला मिळालं. अशी चैन कितीजणांच्या नशिबात असते? डॉक्टरकीची वाट सोडून 1954 मध्ये ते व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्कींकडे शिकायला. तिथे डबल बेस वाजवायचे, म्हणजे ऑर्केस्ट्रात पार मागे उभं राहून पुढच्याचे हात बघायचे. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना विद्यार्थ्यांना मज्जाव होता. मग मेहता आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउडिओ अबाडो, दोघं चक्क गायकवृंदात भरती झाले. गायचं तर होतंच, पण कारायानसारखे नामवंत कंडक्टर तालीम कशी घेतात ते समोरून बघायला मिळायचं! 1956 मध्ये हंगेरीतून निर्वासित आले, तेव्हा मेहतांनी विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आठवड्याभरात जमवून छावणीत कार्यक्रम केला. वाद्य मिळालं, सोडलं नाही.

1958 मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणजे वर्षभर सहायकाची नोकरी. सहायकाचं काम कसं असतं? रिकाम्या सभागृहात मागे बसायचं, तालीम ऐकायची, 'ट्रॉम्बोनखाली व्हायोलिन बुडतायत' असं येऊन सांगायचं, आणि साहेब आजारी पडले तर उभं राहता येईल इतकी तयारी ठेवायची. मेहतांचं पुढचं दार असंच उघडलं. माँट्रियलमध्ये इगोर मार्केविच यांच्या जागी, लॉस एंजेलिसमध्ये फ्रिट्झ राइनर यांच्या जागी. दोन्हीकडे बदली कंडक्टर म्हणून गेले आणि दोन्हीकडे पक्के झाले. लॉस एंजेलिसला तर जॉर्ज शोल्टी प्रमुख होणार होते. मला न विचारता मेहतांना सहायक का नेमलं म्हणून ते रुसून निघून गेले, आणि 1962 मध्ये खुर्ची सव्वीस वर्षांच्या मुंबईच्या मुलाकडे आली. पुढे न्यूयॉर्क, इस्रायल, फ्लॉरेन्स, म्युनिक... ती यादी कुठेही मिळेल.

'दादा, आपल्याकडून सुरुवात कशी करायची?' असं बरेच जण विचारतात. मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. 2023 मध्ये मेहतांनी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, तिथे येऊन तो कंडक्ट केला. तुम्ही आधी एक वाद्य नीट शिका, जोडीला पियानो, कारण वीस ओळी दहा बोटांत बसवायला तोच कामी येतो. कार्यक्रमाला गेलात तर शक्यतो वादकांच्या मागची किंवा बाजूची खुर्ची मिळवा. समोरून कंडक्टरची फक्त पाठ दिसते.

आणि बॅटन, म्हणजे कंडक्टरच्या हातातली छडी, इतक्यात मागवू नका. पेन्सिल चालते.