भाकर मोडताना

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याच्या नाना पेठेत सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर 1792 साली जे चर्च उभे राहिले आणि ज्याला आपण सिटी चर्च म्हणतो, तेथे मी लहानपणापासून मिस्सेला, म्हणजे भाकर मोडून होणाऱ्या सामूहिक उपासनेला, जात आलो आहे; तरीही रोजच्या व्यवहारात देव माझ्याजवळ होता, हे मला बहुधा मागाहून कळते. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील येशूच्या दोघा शिष्यांचेही असेच झाले. यरुशलेमहून अम्माऊसला जाताना, म्हणजे साधारण शिवाजीनगरहून कात्रजला पायी जावे एवढ्या वाटेवर, पुनरुत्थित येशू त्यांच्याबरोबर चालत होता, पण त्यांनी त्याला ओळखले नाही. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याने भाकर मोडून दिली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा झाला.

येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंच्या संघाचे, संस्थापक संत इग्नाशियस यांनी या मागाहून ओळखण्यालाच रोजच्या प्रार्थनेचे रूप दिले. 1548 साली पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात दिवसाची उजळणी करण्याच्या पाच पायऱ्या आहेत. त्यांतील पहिली पायरी चुकांची मोजदाद नाही, तर आभार मानण्याची आहे, आणि मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. त्यानंतर देवाकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा एकेक प्रहर आठवायचा, चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी निश्चय करायचा. या सगळ्याला पंधरा मिनिटे पुरतात.

मात्र बसमध्ये जागा मिळाली की ती देवाचीच खूण, असे मी मानत नाही. माझी आई आजारी होती तेव्हा एका रुग्णालयात मी अकरा रात्री काढल्या. जपमाळ हातात असे, पण मन कोरडे असे. मन असे कोरडे पडले असता प्रार्थना सोडू नये आणि पूर्वी केलेला निश्चय बदलू नये, असे इग्नाशियस सांगतात. मी केवळ तेवढ्या आधारावर मणी ओढत होतो. एका रात्री शेजारच्या खाटेवरील रुग्णाची पत्नी, सासवडकडची एक शेतकरी बाई, माझ्याजवळ आली, “दादा, सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही,” असे म्हणाली आणि आपल्या फडक्यातील भाकरी मोडून अर्धी तिने माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली आणि झोपी गेलो. आई त्या दुखण्यातून उठली नाही.

पुढे दोन वर्षांनी एका रविवारी, धर्मगुरूंनी वेदीवर भाकर मोडली तेव्हा, ते फडके आणि तो हात माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेली ती कृती त्या दिवशी मला प्रथमच कळली, आणि त्या रात्री मी एकटा नव्हतो, हेही कळले.

त्या बाईंचे नाव विचारायचे राहून गेले. रात्री दिवा मालवून उजळणीला बसलो की आभाराच्या पहिल्या पायरीवर आजही त्यांचीच आठवण आधी येते.