पत्र्यावर चढण्याआधी मीटरच्या पेटीपाशी जा

(घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत पावसाळ्याआधी झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पुढे येऊन बसा, मागे पंख्याचा वारा पोहोचत नाही. फलकावर विषय लिहिलाय, ‘विजेच्या तारांजवळ छपराची दुरुस्ती’. ती कशी करायची ते सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट मला बोलून घेऊ द्या. आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना मी हीच गोष्ट घोकून घेत असे आणि वस्त्यांमध्ये अजून ती कुणी मनावर घेत नाही. घरातला मेन बंद केला म्हणून छपरावरची वीज जात नाही.

हात वर करा बरं. पत्रे बदलताना मेन कोणी कोणी बंद केला होता? जवळजवळ सगळ्यांनी, छान. आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन मीटरजवळचा स्विच कोणी पाडला होता? काका, तुम्ही एकटेच? कुठे होता नोकरीला? रेल्वेत, इलेक्ट्रिकलला! मग बरोबर आहे. तुम्ही जाऊ नका, नंतर मला तुमची मदत लागणार आहे.

मुंबईत कंपनीची केबल बहुतेक जमिनीखालून येते. त्यामुळे आपल्याला वाटतं, डोक्यावर तारा आहेतच कुठे? आहेत ना. सगळ्यांचे मीटर एका पेटीत असतात आणि तिथून प्रत्येक घराची वायर निघते. ती भिंतीवरून, गटारावरून आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या पत्र्यावरून जाते. ही वायर तुमच्या मेनपर्यंत चालूच राहते. मेन पाडला की घरातले दिवे-पंखे बंद, छपरावरची वायर तशीच जिवंत. शेजारच्या चार घरांच्या वायरींचा तर तुमच्या मेनशी काही संबंधच नाही. असल्फा, पार्कसाइट, भांडुपचा डोंगर, इथे आणखी एक भानगड असते. वरच्या गल्लीच्या वायरी खालच्या गल्लीच्या पत्र्यावरच टेकतात.

माझ्या बहिणीचं घर अशाच डोंगरावर आहे. मे महिन्यात पत्रे बदलायला काढले. मिस्त्री म्हणाला, “ताई, मेन बंद केलाय, काळजी नको.” त्याच्या हाताखालचा पोरगा वर चढला. गंजलेल्या जे-बोल्टचे, म्हणजे पत्रा वाशाला धरून ठेवणाऱ्या वाकड्या बोल्टचे, नट सोडवत होता, तोंडात दोन वायसर धरलेले. दोन पत्रे जिथे एकमेकांवर येतात तिथली कड त्याने उचलली आणि ओरडून मागे बसला. वायसर खाली अंगणात पडले. नशिबाने बसला तो वाशावर. मी खाली मिस्त्रीशी बोलत उभा होतो. त्याला म्हटलं, कशाला हात लावू नकोस, आहेस तिथेच बस. मग पेटीपाशी जाऊन सगळेच स्विच पाडले. सगळ्या गल्लीचे टीव्ही बंद झाले, लोक भांडायला बाहेर आले. येऊ देत म्हटलं.

वर जाऊन पाहिलं तर त्या जोडाखाली एक काळी वायर दबलेली होती. ती बहिणीची नव्हती, शेजाऱ्याचीही नव्हती, वरच्या तिसऱ्या घराची होती. वाऱ्याने पत्रा हलतो आणि त्याची कड करवतीसारखी वायरीवर फिरत राहते. रबर कापलं गेलं होतं, आत तांबं चमकत होतं, आसपास पत्र्यावर काळा डाग. तो सगळा पत्रा किती दिवस फेजला, म्हणजे जिवंत तारेला, लागून होता कोण जाणे! खालचे वासे लाकडी आणि कोरडे. जमिनीकडे जायला करंटला वाटच नाही, म्हणून फ्यूज उडाला नाही, कुणाला पत्ताही लागला नाही. पोराच्या पायात रबरी चप्पल होती आणि अंग कोरडं होतं, म्हणून झटक्यावर भागलं. हेच जूनमध्ये, ओल्या अंगाने आणि भिंतीला हात टेकलेला असताना झालं असतं, तर २३० व्होल्ट जीव घ्यायला पुरेसे आहेत.

कुणी म्हणेल, आमच्याकडे ईएलसीबी आहे, म्हणजे वीज गळाली की आपोआप बंद करणारा स्विच. जरूर असावी. ३० मिलिअँपिअर गळतीला ती उडते आणि जीव वाचवते. पण ती घरात बसवलेली. तिच्या अलीकडे, छपरावर, वायर पत्र्याला लागली तर तिला ते कळत नाही.

त्यानंतर कंपनीला फोन केला. उत्तर आलं, “मीटरनंतरची वायर तुमची.” नियमाने ते खरं आहे. पण माझी वायर तुमच्या पत्र्यावर आणि तुमची तिसऱ्याच्या, तर मग जबाबदारी कुणाची? म्हणून माझं म्हणणं आहे की छप्पर एकेकट्याने दुरुस्त करूच नये. मे महिन्यात गल्लीने मिळून एक दिवस ठरवावा, त्या दिवशी सगळ्यांची वीज बंद आणि सगळ्यांचे पत्रे दुरुस्त. त्याआधी लायसन असलेल्या वायरमनकडून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना घर नंबरची पट्टी लावून घ्यावी. फ्रिज चार तास बंद राहिला तर काही बिघडत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतात. मग भराभर सांगतो.

मीटरजवळ वीज बंद करून वायरमनने फ्यूज काढून खिशात ठेवायचा आणि पेटीपाशी एक माणूस बसवायचा, नाहीतर कुणीतरी येऊन ‘लाईट गेली वाटतं’ म्हणून चालू करतो. चढण्याआधी तपासायचं. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून बघा, पेटतो ना? मग छपरावर. तरी नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, वायरमनकडून टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासायचा वायर जोडलेला बल्ब, लावून घ्या. शिडी ॲल्युमिनियमची नको, ओला बांबूही नको. पत्रा दोघांनी आडवा धरून न्यायचा, उभा केला की तो तारेला भिडतो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फुटतो. वाशांवर फळी टाकून चाला.

उघड्या तारा छपराच्या वर किमान २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर लांब हव्यात. त्याहून जवळ असतील तर रबर असलेली वायर हवी आणि ती अर्थिंग केलेल्या आधाराच्या तारेवर टांगलेली हवी. पत्र्यावर टाकलेली नाही, जे-बोल्टला गुंडाळलेली नाही. कपडे वाळत घालायची तारही पत्र्याला बांधू नका, नायलॉनची दोरी घ्या.

रुळांलगत राहणाऱ्यांसाठी. १९२५ पासून लोकलच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी होते, आता २५,००० व्होल्ट एसी आहेत, हार्बरवर २०१६ पासून. एवढ्या दाबाला स्पर्शाची गरज नसते, जवळ गेलेल्या पाइपवर ठिणगी झेप घेते. त्या बाजूला पाइप, पत्रा किंवा उडणारी ताडपत्री न्यायचीच नाही. आधी रेल्वेला कळवा.

आणि कुणाला शॉक बसला तर त्याला धरू नका. आधी पेटीतला स्विच, मग माणूस. श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

बाकीचे प्रश्न इथे नको. खाली तुमच्या मीटरच्या पेटीपाशी चला. रेल्वेवाले काका, तुम्ही पुढे व्हा. कुठली वायर कुणाच्या छपरावरून जाते ते आत्ताच बघू. कुणीतरी खडू आणि बॅटरी घ्या.