मागे उरलेल्या घराचा पहिला पोळा

श्रोतेहो, नमस्कार.

यवतमाळ किंवा बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शेतकऱ्याने आत्महत्या केली, की पहिले आठ-दहा दिवस त्या घराच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. पोलीस येतात, तलाठी येतात, पुढारी आणि कॅमेरे येतात, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बाईला प्रत्येकजण एकच गोष्ट विचारतो : त्या दिवशी नेमके काय झाले? तिने ते किती वेळा सांगायचे? पुढे सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचे की सावकाराचे, याची चौकशी होऊन प्रकरण शासकीय मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. कार्यालयाच्या दृष्टीने तो कागदावरचा शेरा असतो. त्या घराला मात्र आपले दुःखच नामंजूर झाल्यासारखे वाटते.

आत्महत्येला कर्ज, नापिकी, दारू असे एकच कारण चिकटवून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. अमेरिकेत सॅन डिएगो येथे सुमारे 17 हजार प्रौढांना त्यांच्या बालपणातल्या आघातांविषयी विचारण्यात आले होते. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितके पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रमाण वाढलेले दिसले. घरातल्या कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, हाही त्यातलाच एक प्रश्न होता. म्हणजे ओसरीवरच्या त्या गर्दीत कोपऱ्यात उभा असलेला, कोणी काहीच न विचारलेला मुलगा हाही आघातग्रस्तच असतो. अशी बहुतेक मुले त्या वाटेला जात नाहीत, हे लगेच सांगायला हवे, नाहीतर गाव त्याच्याकडे त्याच नजरेने पाहू लागते. पण झोप उडणे, दचकणे, ‘मी घरी असतो तर’ हा विचार पुन्हा पुन्हा येणे, या गोष्टी वर्ष सरले तरी सरत नाहीत.

राज्यात 2015 पासून प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन शेतकऱ्यांच्या मनःस्थितीची विचारपूस करू लागल्या. माझ्या मते त्यांची खरी गरज गर्दी ओसरल्यावर, सहाव्या महिन्यात असते. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही; उलट बोलायला वाट मिळते. पोलिसांच्या धाकाने गप्प राहण्याचेही कारण नाही, कारण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे.

टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, तो रात्रंदिवस चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. पहिल्या पोळ्याला, दावणीला बैल नसतात आणि मुलगा दारातून दुसऱ्यांच्या बैलांची मिरवणूक पाहत असतो, तेव्हा शेजाऱ्यांपैकी कोणी त्याच्याजवळ जाऊन बसावे. आणि त्याला बोलावेसे वाटले, तर हा क्रमांक लावून द्यावा.