पहिल्या दोन मिनिटांचा आवाज

[काळा पडदा. चित्र नाही.]

डब्यातली ज्वारी गिरणीच्या तोंडात ओतली जाते. खटका पडतो. मोटार गुणगुणायला लागते, पट्टा वेग घेतो, आणि पट्ट्याचा सांधा चाकावरून गेला की दर फेरीला एक टक् ऐकू येतं. दाणे दगडांत शिरले की घरघर जड होते. पडदा अजून काळाच आहे, तरी आपण पिठाच्या गिरणीत उभे आहोत हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

[गिरणी. भिंतीवर, वजनकाट्यावर, कॅलेंडरवर पिठाचा थर.]

पुण्यातल्या एका पेठेतली ही गिरणी आणि चित्रपट शिकणाऱ्या मुलांचा हा लघुपट. वडिलांच्या पश्चात गिरणी चालवायला उभी राहिलेली मुलगी ही त्याची नायिका. संपूर्ण गोष्ट पंधरा मिनिटांच्या आत संपते. सध्या सगळी चर्चा चालू आहे ती सुरुवातीच्या दोन मिनिटांची.

[टेबलावर वही. आखलेला तक्ता.]

शूटिंगला अजून वेळ आहे, पण पटकथेशेजारी आवाजाचा तक्ता तयार होतोय. चित्र, संवाद, परिसर, हालचालींचे आवाज, संगीत. शेवटचा रकाना रिकामा आहे आणि वाद तिथेच अडलाय. एकाला पहिल्या फ्रेमपासून बासरी हवी आहे. अशी बासरी विद्यार्थ्यांच्या कितीतरी लघुपटांत ऐकू येते. ती लागली की मुलगी दुःखी आहे एवढं कळतं, आणि मग तिच्याकडे निरखून बघायचं राहूनच जातं. खटक्यावर हात ठेवून ती क्षणभर थांबते. ती भीती आहे, राग आहे, की नुसता थकवा? हे प्रेक्षकाचं प्रेक्षकाला शोधू द्यायचं असेल, तर बासरीने थांबायला हवं.

[जुन्या स्टुडिओची छायाचित्रं.]

पुण्याला हा विचार नवा नाही. प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून इथे आली. मराठी बोलपटाला जेमतेम पाच वर्षं झाली होती, तेव्हा 1937 मध्ये व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी ‘कुंकू’ केला आणि त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. प्रसंगात जे वाजतं, तेच ऐकू येतं. केशवराव भोळ्यांसारखे संगीतकार हाताशी असताना घेतलेला हा निर्णय. केवढी हिंमत! त्याच स्टुडिओच्या आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिथे ध्वनी हा स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून शिकवला जातो.

[गिरणीत शूटिंगची तयारी. बूमला, म्हणजे लांब दांडीला, लावलेला माइक.]

आता खरी अडचण. दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या काकू येतात आणि विचारतात, “आज तू एकटीच गं?” गिरणी चालू असताना हे वाक्य माइकला नीट मिळणार नाही, म्हणून शॉट गिरणी बंद ठेवूनच घ्यायचा आणि घरघर नंतर मिसळायची. पण बंद गिरणीत माणूस हळू बोलतो. त्या हळू आवाजामागे नंतर कितीही घरघर लावा, कान फसत नाही. एवढ्या गोंगाटात कुणी असं बोलत नाही, हे आपल्याला लगेच कळतं. म्हणून युक्ती अशी ठरली: टेकच्या आधी गिरणी खरोखर चालवायची, दोघींनी तिच्यावर आवाज चढवून बोलायला लागायचं, मग खटका बंद करायचा आणि चक्र थांबलं की त्याच पट्टीत, त्याच जोरात शॉट द्यायचा.

गिरणीचा आवाज वेगळा घ्यायचा. दगडांजवळून, दारातून आणि रस्त्याच्या पलीकडून, कारण कॅमेराही तेवढ्याच अंतरांवरून बघणार आहे. शेवटी सगळं बंद करून निदान एक मिनिट कुणीही हलायचं नाही. तेव्हा जे उरतं, म्हणजे ट्यूबलाइटची बारीक किरकिर आणि गल्लीतली लांबची स्कूटर, तेही मुद्रित करायचं. संकलनात दोन शॉटांमधली फट बुजवायला हाच तुकडा लागतो, आणि घाईत नेमका हाच घ्यायचा राहतो.

[हार्मोनियमवर बोटं.]

मग संगीत कुठून आणायचं? उत्तर मोटारीतच सापडलं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे मोटारीच्या गुणगुणीत 100 हर्ट्झचा सूर मिसळलेला असतो. हार्मोनियमच्या खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर, 98 हर्ट्झची; मोटारीचा सूर तिच्या किंचित वर. संगीत करणाऱ्या मुलीने तोच षड्ज, म्हणजे सा, धरला. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर इतका खालचा सूर जवळजवळ नाहीसाच होतो. त्यामुळे तिथे वरच्या सप्तकाची जोड लागणार, हेही तक्त्यात आत्ताच लिहून ठेवलंय.

त्या षड्जावर येते ती जात्यावरची ओवी. विजेच्या गिरण्या आल्या, घरोघरची जाती थांबली आणि ओव्याही मागे पडल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा करून ठेवल्या, हे केवढं मोठं काम! या लघुपटात ओवी गिरणीवर चढून गायची नाही. मुलगी खटका बंद करते, मोटारीचा सूर तुटतो, आणि पट्टा मंदावत असताना आजीचा आवाज तोच सूर उचलतो. वाद्य एकही नाही.

[कागदपत्रं. परवानगीचा मसुदा.]

पहिल्या मसुद्यात या जागी रेडिओवरचं एक जुनं भावगीत होतं. गाणं जुनं आहे, मागे बारीक वाजतंय, कोण विचारतंय, असं मुलांना वाटतं. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. लघुपट महोत्सवांना पाठवायचा, इंटरनेटवर ठेवायचा, तर या सगळ्यांची परवानगी लागणार. ओवीचे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचे असले तरी गाणारीचा हक्क तिचाच. म्हणून ओवी गाणाऱ्या आजींना ती कशासाठी हवी आहे, ती कुठे कुठे वाजेल, हे समजावून सांगितलं गेलंय. त्यांची लेखी संमती शूटिंगच्या आधी घेतली जाईल, आणि श्रेयनामावलीत गायिका म्हणून त्यांचं पूर्ण नाव असेल.