स्मोल्ट्झ दिला ते बरोबरच केलं

नमस्कार मंडळी. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. आज बोलायचंय बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या सौद्यांवर, पण आधीच सांगून टाकतो, मी बेसबॉल कधी खेळलेलो नाही. बॅट धरली ती टेनिस बॉलवाल्या क्रिकेटची, आणि नोकरी केली बँकेत, बत्तीस वर्षं, त्यातली बहुतेक कर्ज खात्यात. मुलगी-जावई डेट्रॉइटजवळ असतात, नातू झाला तेव्हा आम्ही दोघं सहा महिने जाऊन राहिलो. आता ज्यांनी असे सहा महिने काढलेत त्यांना माहितीये की तिथे दिवस कसा खायला उठतो, गाडी चालवता येत नाही आणि कोपऱ्यावर टपरी नाही. संध्याकाळी जावई आला की टायगर्सची, म्हणजे तिथल्या बेसबॉल टीमची, मॅच लावायचा. एका टीमच्या सीझनला १६२ मॅचेस, म्हणजे जवळजवळ रोजच, त्यामुळे मी शेजारी बसून बसून शिकलो. आणि शिकलो ते भांडायला सुद्धा, कारण आमच्या जावईबापूंना मॅचपेक्षा सौद्यांवर वाद घालायला जास्त आवडतं.

सौदा म्हणजे ट्रेड. आपल्याकडे आयपीएलमुळे हा शब्द आलाय, हार्दिक पंड्या २०२३ ला गुजरातकडून परत मुंबईला आला तेव्हा सगळ्यांनी ऐकला. पण तो पैशाचा व्यवहार होता. बेसबॉलमधली खरी गंमत माणसाच्या बदल्यात माणूस, आणि त्यातही एका बाजूला तयार, नावाजलेला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला अजून मोठ्या लीगमध्ये एक मॅचही न खेळलेली पोरं. त्यांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. कोकणात आंब्याचा मोहोर बघूनच बागेचा सौदा करतात ना, तसं. मोहोर छान आहे, आंबा धरेल का ते पुढचा पाऊस ठरवणार.

आता एवढा भाव का या पोरांना? तर त्याचं कारण पगारात आहे. पोरगं मेजर लीगमध्ये आलं की साधारण सहा वर्षं त्या टीमच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगार, २०२५ ला तो ७ लाख ६० हजार डॉलर होता, मग तीन वर्षं लवादानं थोडा थोडा वाढतो, आणि सहा वर्षांनंतर तो मोकळा, कुणाकडेही जाईल. तुम्ही हसताय, साडेसात लाख डॉलर किमान! पण ह्वान सोटो या नावाजलेल्या खेळाडूनं न्यूयॉर्कच्या मेट्सबरोबर १५ वर्षांचा ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, म्हणजे वर्षाला ५ कोटी १० लाख. आता समजा एखादं पोरगं त्याच्या निम्म्यानं जरी खेळलं आणि घेतंय साडेसात लाख, तर मालकाला केवढा फायदा, हे बँकवाल्याला वेगळं समजवायला लागत नाही.

तर जावई पहिल्याच आठवड्यात म्हणाला, बाबा, आमच्या टीमनं इतिहासातला सगळ्यात वाईट ट्रेड केलाय. १९८७ साली, १२ ऑगस्टला, जॉन स्मोल्ट्झ दिला आणि डॉयल अलेक्झांडर घेतला. दोघंही पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर. स्मोल्ट्झ २० वर्षांचा, मिशिगनचाच पोरगा, आणि अलेक्झांडर ३६ वर्षांचा. पुढे स्मोल्ट्झ अटलांटाकडून खेळला, एकूण २१३ विजय (मॅच जिंकली-हरली ती तिथे पिचरच्या नावावर लावतात), वर १५४ सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन आघाडी राखलेल्या मॅचेस, १९९६ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, २०१५ ला हॉल ऑफ फेम. आणि अलेक्झांडर दोन वर्षांत संपला, शेवटच्या सीझनमध्ये १८ मॅच हरला. झालं, म्हणे, यात वाद कसला?

मी म्हटलं थांब. मला फाईल दाखव, आणि त्या दिवसाचीच दाखव, १२ ऑगस्ट १९८७ ची.

हे मी का म्हटलं ते सांगतो. २००६ च्या आधी मी एका पोल्ट्रीवाल्याचं कर्ज मंजूर केलं होतं. कागद चोख, तारण चोख, माणूस सज्जन. आणि २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, अख्ख्या महाराष्ट्रात अंड्याला कुणी हात लावेना, त्या बिचाऱ्याचं खातं एनपीए. मग ऑडिट आलं आणि मला विचारतात, हे कर्ज दिलंच का? आणि याउलट, मी एकदा शेवटच्या तारखेच्या घाईत, मॅनेजरच्या दबावाखाली एक असं कर्ज दिलंय की ज्याचे कागद आठवले तरी आज घाम फुटतो, ते पूर्ण फिटलं, व्याजासकट, आणि त्याबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही, उलट पाठ थोपटली. तेव्हापासून माझं पक्कं झालं की सौदा बरोबर का चूक हे सही केली त्या दिवशी ठरतं. पुढे काय झालं ती बातमी असते.

तर फाईल. स्मोल्ट्झ त्या वर्षी ग्लेन्स फॉल्सला डबल-ए मध्ये खेळत होता, म्हणजे मेजर लीगपासून दोन पायऱ्या खाली. ४ जिंकला, १० हरला, ईआरए ५.६८. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगला, म्हणजे एका पूर्ण मॅचला, पिचरच्या नावावर किती रन्स लागतात ते, कमी तितकं चांगलं, आणि ५.६८ हे खालच्या लीगमध्ये म्हणजे काळजीचं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, २२ व्या फेरीत उचललेला. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे पाळण्यात जे दिसत होतं ते हे. आणि टायगर्स? टोरंटोबरोबर डिव्हिजनची, म्हणजे आपल्या गटात पहिलं येण्याची, अटीतटीची शर्यत, पिचर कमी. अलेक्झांडर आला आणि ११ मॅचेस सुरू केल्या, म्हणजे पहिला पिचर तोच, ९ जिंकल्या, एकही हरला नाही, ईआरए १.५३. शेवटच्या वीकेंडला टोरंटो डेट्रॉइटला आलं, शुक्रवारची मॅच ४-३ नं अलेक्झांडरनंच काढली, रविवारी १-० नं डिव्हिजन खिशात. टायगर्स ९८ विजय, टोरंटो ९६. दोन मॅचचा फरक! नऊमधल्या दोन उणे करा नि बघा काय होतं ते.

जावई म्हणाला, हो पण पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून ४-१ नं हरलो, आणि त्यातल्या दोन मॅच याच अलेक्झांडरनं हरल्या. खरंय. पण कर्ज दिलं होतं ते डिव्हिजन जिंकायला, ते फिटलं. पुढच्या फेरीची हमी कोण देतो?

मग त्यानं पत्ता टाकला. बोस्टन, ३० ऑगस्ट १९९०. जेफ बॅगवेल दिला आणि लॅरी अँडरसन घेतला. वरवर बघितलं तर अगदी तेच प्रकरण, इथेही पोरगं स्थानिक, बोस्टनमध्ये जन्मलेलं, इथेही म्हातारा पिचर, ३७ वर्षांचा, इथेही बोस्टननं डिव्हिजन जिंकली आणि गंमत म्हणजे इथेही टोरंटोला दोनच मॅचनं मागे टाकून, आणि पुढे ओकलंडनं त्यांना सरळ ४-० नं घरी पाठवलं. बॅगवेल ह्यूस्टनकडून पंधरा सीझन खेळला, ४४९ होमरन्स, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, १९९४ चा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, हॉल ऑफ फेम. मग म्हणे बाबा, हापण सौदा बरोबर का?

नाही. यावर मी सही केली नसती, आणि ४४९ होमरन्स माझ्या कानावर आल्या नसत्या तरी केली नसती. का? कारण फाईल वेगळी आहे. बॅगवेल डबल-ए मध्ये .३३३ नं मारत होता, म्हणजे दर तीन वेळेला एक हिट, त्या लीगचा एमव्हीपी झाला. होमरन्स फक्त ४, हे मान्य, ताकद दिसत नव्हती. बोस्टनचं म्हणणं असं की तिसऱ्या बेसवर आमच्याकडे वेड बॉग्ज आहे, पहिल्यासाठी मो वॉन तयार होतोय, या पोराला बसवायचं कुठे? ठीक आहे, जागा नसेल तर विका ना, पण किंमत बघा! अलेक्झांडर दर पाच दिवसांनी सुरुवातीपासून मॅच टाकणारा, आणि अँडरसन मधेच येऊन एखाद-दुसरी इनिंग टाकणारा. बोस्टनसाठी त्यानं एकूण २२ इनिंग टाकल्या. उत्तम टाकल्या, ईआरए १.२३, त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण २२ इनिंग, आणि सीझन संपल्यावर तो सॅन डिएगोला निघून गेला. अलेक्झांडर निदान पुढच्या वर्षी १४ मॅच जिंकला. बॅगवेलसारखा पोरगा तारण ठेवून असलं किरकोळ कर्ज उचलायचं म्हणजे मंगळसूत्र गहाण ठेवून रिक्षाचं भाडं देण्यासारखं.

म्हणजे दिशा तीच, पोरगं द्या आणि आजचा माणूस घ्या, पण एक सौदा बरोबर आणि एक चूक. लोक काय करतात, प्रॉस्पेक्ट द्यावेत का देऊ नयेत असं भांडतात, ते भांडणच मुळात पोकळ आहे. कुणाला, कशाच्या बदल्यात, आणि तुम्ही शर्यतीत कुठे उभे आहात, हे सोडून बोलायचं म्हणजे बाजारात तुरी.

आता माझा सगळ्यात लाडका सौदा. २००८ चा जुलै, मिलवॉकी. १९८२ नंतर प्लेऑफचं तोंड बघितलं नव्हतं. क्लीव्हलँडकडून सीसी सबाथिया घेतला, सीझन संपला की तो मोकळा होणार हे माहीत असताना. दिला कोण? मॅट लापोर्टा, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सातव्या नंबरचा, त्याच्यावरच सगळ्यांची नजर. बरोबर दोन पिचर, आणि चौथा, ऐका हं, चौथा 'नाव नंतर सांगू'. खरंच असं असतं. करारात लिहितात की एक खेळाडू नंतर ठरवू, सहा महिन्यांच्या आत नाव द्यायचं. आपल्याकडे लग्नात मानपानाचं नंतर बघू म्हणतात आणि मग काय होतं ते तुम्हाला माहितीये. १९६२ ला तर हॅरी चिटी नावाचा कॅचर क्लीव्हलँडनं मेट्सला असाच 'नाव नंतर' वर दिला, आणि नंतर जे नाव ठरलं ते त्याचं स्वतःचंच, परत पाठवला, स्वतःच्याच बदल्यात स्वतः!

तर सबाथिया. १७ मॅच सुरू केल्या, ११ जिंकला, २ हरला, ईआरए १.६५, सात मॅचेस एकट्यानं शेवटपर्यंत टाकल्या. शेवटी शेवटी चार दिवसांच्या ऐवजी तीनच दिवसांची विश्रांती घेऊन ओळीनं तीन मॅच, घर जळतंय म्हटल्यावर विहिरीवरून बादल्या आणाव्यात तसा. सीझनच्या शेवटच्या दिवशी शिकागोच्या कब्ज टीमला ३-१ नं हरवलं आणि एका मॅचच्या फरकानं मिलवॉकी प्लेऑफमध्ये. पहिल्याच फेरीत फिलाडेल्फियानं काढलं, आणि सबाथिया न्यूयॉर्कला गेला. आणि तो लापोर्टा, ज्याच्यासाठी मिलवॉकीवाल्यांचा जीव तुटत होता? चालला नाही. चालला तो 'नाव नंतर सांगू' वाला, मायकल ब्रँटली, सातव्या फेरीतला, पुढे पाच वेळा ऑलस्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचला निवडलेला. म्हणजे ज्याची चर्चा झाली तो पडला आणि ज्याचं नावही कागदावर नव्हतं तो उगवला. मोहोर बघून भाव करणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आणि चूक करायची कशी ते बघायचं तर पिट्सबर्ग. ही तीच टीम जिनं २००८ ला आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला, भालाफेकीतल्या पोरांना, पिचर म्हणून करारावर घेतलं होतं, त्यामुळे मला तिच्याबद्दल प्रेम आहे. २०१८ च्या जुलैमध्ये ही टीम ओळीनं ११ मॅच जिंकली आणि डोक्यात वारं गेलं. टँपा बेकडून ख्रिस आर्चर घेतला, दिले टायलर ग्लासनाव, ऑस्टिन मेडोज, आणि परत तेच, नाव नंतर, तो निघाला शेन बाझ. सीझन संपला तेव्हा पिट्सबर्ग ८२-७९, चौथे. आर्चर पुढच्या वर्षी ३ जिंकला ९ हरला, त्याच्या पुढच्या वर्षी ऑपरेशन, खेळलाच नाही. मेडोज ऑलस्टार झाला, ग्लासनावनं २०२० ला टँपाकडून वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम फेरीची, पहिली मॅच टाकली. आता तुम्ही म्हणाल, हे पण नंतरचंच की. नाही. सहीच्या दिवशीसुद्धा दिसत होतं की ११ मॅचची लाट म्हणजे शर्यत नव्हे. दिवाळीच्या महिन्यातली विक्री बघून दुकानाला वर्षाचं कर्ज द्यायचं नसतं.

शिकागोचं मात्र मला नीट ठरवता येत नाही. २०१६ ला कब्जनी ग्लेबर टोरेस आणि आणखी तिघं देऊन आरोल्डिस चॅपमन घेतला. विजेतेपदाचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपला. पण वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये याच चॅपमननं आठव्या इनिंगला राजाय डेव्हिसला होमरन दिली आणि मॅच बरोबरीत आणली, ती दहाव्या इनिंगमध्ये ८-७ नं जिंकली, आणि शेवटचा गडी काढला तो माइक मॉन्टगोमेरीनं, जो चॅपमन आला त्याच महिन्यात एका छोट्या, कुणाच्या लक्षातही न राहिलेल्या सौद्यात आला होता. शिवाय चॅपमनवर घरगुती हिंसाचाराच्या नियमाखाली त्याच वर्षी ३० मॅचची बंदी घातली गेली होती. हे ईआरएमध्ये येत नाही, पण फाईलमध्ये यायला पाहिजे असं मला वाटतं. शिकागोकरांना विचाराल तर म्हणतील दहा टोरेस दिले असते. त्यांचं मी खोडू शकत नाही, १०८ वर्षं मी वाट बघितलेली नाही.

आणि खोडू शकत नाही असं अजून एक आहे, ते जावयाचं. तो म्हणाला, बाबा, तुमच्या फाईलमध्ये फक्त त्या सीझनचा हिशोब आहे. १९८७ नंतर काय झालं? दोनच वर्षांत आम्ही १०३ मॅच हरलो आणि परत प्लेऑफ बघायला २००६ उजाडलं. एकोणीस वर्षं! टीम म्हातारी झालीये हे तर त्याही दिवशी दिसत होतं ना? ते तुमच्या फाईलमध्ये का नाही? मी म्हटलं एकटा स्मोल्ट्झ काय करणार होता. तो म्हणाला, मी स्मोल्ट्झचं नाव घेतलं का? यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आता आम्ही परत आलोय, पण भांडण चालू आहे. साधारण ३१ जुलैला तिकडे संध्याकाळी सहाला सौद्यांची मुदत संपते, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. बरोबर तेव्हा फोन वाजतो. बायको दचकून उठते, कुणाला काय झालं! पलीकडून जावई, "बाबा, दिला हो." मी म्हणतो, "बदल्यात कोण आलं?" "तीन पोरं, आणि एकाचं नाव नंतर सांगणारेत." मी म्हणतो, "मग ठेव फोन. नाव कळलं की बोलू."